वेल्श वंशावळ आणि कुलचिन्ह जुळत नाही? आधी हे तपासून पाहा

वेल्समध्ये राहायला आल्यापासून माझ्याकडे जुन्या वंशावळी दुरुस्तीला येत असतात. कुणाचं सासर वेल्श असतं, कुणी ऑस्ट्रेलियातून खापरपणजोबांचं गाव शोधत आलेलं असतं, कुणाच्या दिवाणखान्यात टांगलेल्या ढालीवरचं चित्र घरातल्या कागदांशी जुळत नसतं. घराणी निरनिराळी, पण बिघाड तेच, आणि तेही ठरलेल्या जागीच. म्हणून क्रम लावून लिहिते: फुकटात होणारं आधी, पैसे आणि महिने खाणारं शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण निम्मे लोक तिथेच फसतात. वेल्समध्ये ढाल, म्हणजे ढालीच्या आकारात काढलेलं कुलचिन्ह, दाखवून वंशावळ सिद्ध होत नाही. तिथली बरीचशी कुलचिन्हं वंशावळीवरूनच ठरवली गेली. मूळ पुरुष अमका, म्हणून चिन्ह अमकं. वंशावळीत चुकीचा पूर्वज घुसला की ढालीवरही तोच घुसतो. मग "बघा, दोन्हीकडे तेच आहे" असं म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. साक्षीदार एकच आहे, तो दोनदा बोलला इतकंच.

लक्षणं

यातलं काही दिसलं तर पुढचं वाचा:

- १४५० च्या सुमारास जन्मलेल्या माणसाचं आडनाव जोन्स किंवा डेव्हिस लिहिलंय.
- बाईच्या आडनावाच्या रकान्यात 'वेर्ख' (अमक्याची मुलगी) आहे.
- आई मुलापेक्षा आठ वर्षांनी मोठी, किंवा बाप गेल्यावर वीस वर्षांनी मूल.
- ग्रिफिद, येयान, ग्रिफिद, येयान अशी नावं आलटून पालटून येतात आणि मध्येच साठ-सत्तर वर्षं गायब होतात.
- लग्न मे महिन्यातलं, पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा त्याच सालच्या फेब्रुवारीतला.
- ढालीवर लाल रंगावर काळी आकृती आहे, किंवा तिरकी रेघ एका चित्रात डावीकडे झुकते आणि दुसऱ्यात उजवीकडे.
- दहाव्या शतकातल्या सरदाराच्या नावापुढे सुबक रंगीत कुलचिन्ह काढलंय.
- सख्ख्या भावांची आडनावं वेगळी आहेत.
- तुमची ढाल भलत्याच आडनावाच्या घराण्याकडेही आहे.

शेवटची दोन लक्षणं बहुतेक वेळा बिघाडाची नसतातच. वेल्समध्ये तसंच असायचं. ती पाहून कुणी आधीच 'दुरुस्ती' केली असेल, तर मात्र ती उलटवावी लागते.

१. पेन्सिल आणि वजाबाकी

खर्च शून्य. प्रत्येक माणसाचं अंदाजे जन्मवर्ष लिहा आणि बाप-मुलांमधली अंतरं काढा. बापाच्या बाजूने एक पिढी साधारण ३० ते ३३ वर्षांची धरायची. १२५० च्या आसपास जन्मलेला पूर्वज आणि १५५० च्या आसपास जन्मलेला वंशज यांच्यात नऊ-दहा टप्पे हवेत. सहा असतील तर माणसं गळलीत. चौदा असतील तर कुणीतरी दोनदा आलंय, किंवा भावांची रांग बाप-लेक म्हणून उभी लिहिली गेलीय.

हे आधी करायचं कारण असं, की बिघाड आहे की नाही एवढंच नव्हे, तो कुठल्या दोन नावांच्या मध्ये आहे तेही यातून कळतं. पुढचे सगळे कष्ट तेवढ्याच जागी घ्यायचे. सबंध झाड उपटून पुन्हा लावायची हौस बऱ्याच जणांना असते. तिने नव्या चुका तेवढ्या वाढतात.

२. नावांची साखळी नीट वाचा

घोडं सगळ्यात जास्त वेळा इथेच पेंड खातं.

जुन्या वेल्समध्ये कायमचं आडनाव नव्हतं. माणसाच्या नावापुढे 'आप' आणि बापाचं नाव. बापाचं नाव स्वराने सुरू होत असेल तर 'आब'. मुलगी असेल तर 'वेर्ख'. हवेल आप ऱ्हीस आप दाविद म्हणजे दाविदचा मुलगा ऱ्हीस, त्याचा मुलगा हवेल. सोळाव्या शतकापासून बड्या घरांनी इंग्रजी धर्तीवर आडनावं पक्की केली. सामान्य शेतकऱ्यांत, विशेषतः उत्तर आणि पश्चिम भागांत, जुनी पद्धत अठराव्या शतकातही चालू होती आणि काही ठिकाणी एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत टिकली. पक्कं होताना 'आप'मधला प किंवा 'आब'मधला ब बापाच्या नावाला चिकटला. आप ऱ्हीसचे प्राइस झाले, आप हवेलचे पॉवेल, आप हिउचे प्यू, आप हारीचे पॅरी, आब ओवाइनचे बोवेन, आब एव्हानचे बेव्हन. काहींनी प-ब टाकून बापाच्या नावाला इंग्रजी 'स' लावला आणि जोन्स, डेव्हिस, विल्यम्स झाले.

यातून दोन गोष्टी निघतात. १४५० मधला 'जोन्स' हा जवळजवळ नेहमी कुणीतरी मागाहून चिकटवलेला असतो. आणि आडनावं पक्की होण्याच्या त्या एक-दोन पिढ्यांत सख्खे भाऊ वेगवेगळ्या आडनावांचे असू शकतात. दाविद आप हिउच्या एका मुलाने बापाचं नाव धरलं, तो डेव्हिस; दुसऱ्याने आजोबांचं धरलं, तो प्यू. त्यांना सावत्र ठरवायचं कारण नाही.

आता गळलेल्या पिढ्या कशा गळतात ते बघा. समजा मूळ हस्तलिखितात होतं:

ग्रिफिद आब येयान आप ग्रिफिद आब येयान लुइद

नक्कल करणाऱ्याची नजर पहिल्या 'आब येयान'वरून उचलली आणि परत टेकली ती दुसऱ्या 'आब येयान'वर. कागदावर उतरलं:

ग्रिफिद आब येयान लुइद

दोन माणसं गेली, साठेक वर्षं गेली, आणि उरलेली ओळ इतकी साफ दिसते की कुणाला संशय येत नाही. संशय येतो तो फक्त वजाबाकीने. याच्या उलटही होतं: नजर मागे जाते आणि तीच जोडी दोनदा लिहिली जाते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच तिथेही चालायचं, त्यामुळे या चुकीला सुपीक जमीन मिळाली.

पुढे टोपणनावं. लुइद म्हणजे करड्या केसांचा, गोख म्हणजे तांबडा, वुखान म्हणजे धाकटा. हीच पुढे लॉइड, गॉफ, वॉन अशी आडनावं झाली. 'येयान वुखान' दिसला तर त्याचा बापही येयान असण्याची दाट शक्यता असते, आणि झाडात नेमके हेच दोघे एक केले जातात. पण हा नियम डोळे मिटून लावू नका. वेल्श राजा लवेलिन द ग्रेटचा प्रसिद्ध कारभारी एद्नवेद वुखान, मृत्यू १२४६, याच्या बापाचं नाव किन्व्रिग होतं.

लॅटिन नोंदींत येयान आणि शोन हे दोघेही 'योहान्नेस' होतात. एका घरात येयान आणि शोन असे दोन भाऊ असले की संगणकावरचं झाड त्यांना दुबार नोंद समजतं आणि मालक खुशाल एक पुसतो. लवेलिनचा लुइस होतो, मरेदिदचा मेरेडिथ, तिदिरचा ट्यूडर. शोधताना दोन्ही रूपं घालून शोधा.

३. बायकांची नावं

जुन्या पद्धतीत लग्नानंतर बाईचं नाव बदलत नसे. ग्वेन वेर्ख हवेल लग्नाआधीही तीच आणि दफनाच्या नोंदीतही तीच. आजचं सॉफ्टवेअर 'वेर्ख'ला आडनाव मानतं, आणि मग एकमेकींशी काही संबंध नसलेल्या शेकडो बायका एका 'वेर्ख घराण्यात' जमा होतात. आडनावाचा रकाना सरळ रिकामा सोडा आणि पूर्ण नाव नावाच्या रकान्यात घाला.

याहून वाईट चूक म्हणजे तिला नवऱ्याचं आडनाव देऊन तिचा मृत्यू शोधणं. तो सापडत नाही, मग त्याच गावातली दुसरीच ग्वेन उचलली जाते आणि तिचं वय जुळवायला मुलांची वर्षं सरकवली जातात. आई मुलापेक्षा आठ वर्षांनी मोठी निघते ती अशी. एका पुरुषाच्या दोन-तीन बायका असणं नेहमीचं; कुठलं मूल कुणाचं हे वंशावळी सांभाळणाऱ्या कवींनी हस्तलिखितांत काळजीपूर्वक लिहिलेलं असतं, छापील तक्त्यांत मात्र ते बऱ्याचदा गळतं.

अनौरस मुलगा दिसला तर लगेच रेघ मारू नका. वेल्श कायद्यात बापाने मान्य केलेल्या मुलाला औरसांइतकाच हिस्सा होता. एडवर्ड पहिला याने १२८४ च्या ऱ्हिडलानच्या कायद्याने तो काढून घेतला. त्याआधीच्या वंशावळीत असा मुलगा मूळ शाखेचा पुरुष असू शकतो.

४. साल कधी बदलत होतं?

१७५२ पर्यंत वेल्समध्ये आणि इंग्लंडमध्ये कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून मे १७०१ मधलं लग्न आधीचं आणि फेब्रुवारी १७०१ मधला बाप्तिस्मा नंतरचा, नऊ महिन्यांनी. आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७०२. दोन्ही साल लिहा, १७०१/०२ असं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याने एका निर्दोष बाईवरचा आळ जातो.

५. गाव कुठलं, शेत कुठलं

एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच वेळी सहा जॉन जोन्स असणं काही विशेष नाही. त्यांना वेगळं करते ती वाडी. वेल्समध्ये प्रत्येक शेतघराला नाव असतं, आणि ते नाव नोंदवह्या, मृत्युपत्रं, थडग्याचे दगड आणि जनगणना या सगळ्यांत सापडतं. तुमच्या झाडात माणसाच्या नावापुढे फक्त परगणा असेल तर ते झाड अजून तपासलेलंच नाही असं मी समजते.

गावांची नावंही फसवतात. लानवाइर म्हणजे मेरीचं देऊळ असलेलं गाव, लानविहांगेल म्हणजे सेंट मायकेलचं. अशी गावं वेल्सभर विखुरलेली आहेत. नावाचा पुढचा भाग गाळला की माणूस डोंगर ओलांडून दुसऱ्या जिल्ह्यात जातो. शिवाय १७०० सालच्या माणसाचा परगणा 'ग्विनेद' किंवा 'डवेद' लिहिला असेल तर तो १९७४ च्या फेररचनेनंतरच्या नकाशावरून घेतलाय. त्या काळचा परगणा अँगल्सी, कार्नार्वन, मेरिओनेथ, कार्डिगन यांपैकी कुठला ते ठरवा, कारण जुनी कागदपत्रं त्याच नावाखाली लावलेली आहेत.

६. ढाल

ढालीचे चांगले फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. मागच्या बाजूचाही एक काढा. इथवर अजून पैसा लागलेला नाही.

*रंग.* कुलचिन्हांचा जुना नियम असा, की सोनेरी-रुपेरी हे 'धातू' आणि लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. लांबून ओळखू यावं हा त्यामागचा हेतू. त्यामुळे लाल ढालीवर काळी आकृती दिसली की पहिला संशय चित्रकारावर घेऊ नका, चांदीवर घ्या. रुपेरी रंगात खरी चांदी वापरलेली असली तर ती हवेतल्या गंधकाने काळवंडते. पेनमनिदच्या ट्यूडरांचं चिन्ह लाल ढालीवर रुपेरी शेव्हरॉन, म्हणजे छपरासारखी पट्टी, आणि तिच्याभोवती तीन रुपेरी शिरस्त्राणं. अशी एक जुनी फळी माझ्याकडे आली होती ती 'लालावर काळं' म्हणून. शिरस्त्राणांच्या कडेला, चौकटीच्या खाली झाकलेल्या भागात, बोटाच्या पेराएवढी चांदी अजून चमकत होती. घरच्यांनी मात्र काळ्या रंगावरून वेगळंच घराणं शोधून काढून त्याची अख्खी शाखा झाडाला जोडली होती.

फळी पुसायला, घासायला, लिंबू-सोडा लावायला जाऊ नका. चौकट सहज निघत असेल तर उचलून बघा, अडत असेल तर सोडा.

*अक्षरं आणि रेघा.* रंग न भरता काढलेल्या चित्रात रंगांची आद्याक्षरं लिहायची पद्धत होती. रुपेरीसाठी 'एआर' आणि निळ्यासाठी 'एझेड' ही घाईच्या अक्षरात जुळी दिसतात, म्हणून जाणते लोक निळ्यासाठी 'बी' लिहीत. रुपेरी-निळ्याची अदलाबदल झाली असेल तर बहुधा याने. छापील चित्रांत सतराव्या शतकापासून रेघांची भाषा आली: उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरं रुपेरी, उभ्या-आडव्या जाळीचा काळा. फोटो आडवा फिरवला की लालाचा निळा होतो. हसू नका, हे वारंवार होतं.

*डावं-उजवं.* ढालीची उजवी बाजू ही ती धरणाऱ्याची उजवी, आपल्या समोरून ती डावी. ईशान्य वेल्समधली कितीतरी घराणी तिदिर त्रेवोर याला मूळ पुरुष मानतात. त्याचं म्हणून सांगितलं जाणारं चिन्ह असं: ढाल तिरकी दुभागलेली, एका भागात पांढऱ्यावर काळे एर्मिनचे (फरच्या नक्षीचे) ठिपके, दुसऱ्यात काळ्यावर पांढरे, वर सोनेरी सिंह. ही दुभागणारी रेघ धरणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून खाली येते. बहुतेक ढालींवर तिरकी रेघ उजव्या खांद्याकडून येते, म्हणून नक्कल करणारे हिला 'सरळ' करून टाकतात. उलट्या लावलेल्या काचेमुळे किंवा फिरवलेल्या फोटोमुळेही तेच होतं. डाव्या रेघेचा अर्थ अनौरस जन्म, ही कादंबऱ्यांतली समजूत तर इथे अजिबात आणू नका.

*आकृती वेगळी म्हणजे चूकच असं नाही.* एद्नवेद वुखानच्या नावावर शेव्हरॉन आणि तीन इंग्रजांची कापलेली मुंडकी असं चिन्ह सांगतात. त्याच्याच वंशातल्या पेनमनिदच्या ट्यूडरांकडे मुंडक्यांच्या जागी शिरस्त्राणं आली. दोन्ही ढाली एकाच कुळाच्या आहेत, कुणी एक खोटी ठरवायची गरज नाही.

*अर्धी-अर्धी आणि चौकोनी.* उभी दुभागलेली ढाल म्हणजे जोडपं: समोरून डावीकडे नवरा, उजवीकडे बायको. बायकोचं अर्ध मुलांकडे आपोआप जात नाही. ते जातं ती भाऊ नसलेली वारस असेल तेव्हा, आणि तेव्हा मुलांच्या ढालीत चौकोन पडतात. चर्चमधल्या शिळेवरची बायकोची बाजू उचलून 'आमचं चिन्ह' म्हणून छापलेली मी पाहिली आहे.

*कुणाची ढाल?* इंग्लंडमध्ये धाकट्या शाखांनी ढालीत खूण करून फरक दाखवायची रीत होती. वेल्समध्ये ती फारशी रुजली नाही. मूळ पुरुषाचे सगळे पुरुष वंशज तेच चिन्ह जसंच्या तसं वापरत, आणि त्यांची आडनावं पाच प्रकारची असत. म्हणून तुमची ढाल दुसऱ्या आडनावाकडे दिसणं स्वाभाविक आहे. याच कारणाने 'जोन्स घराण्याचं कुलचिन्ह' अशी चीजच नाही. पर्यटकांच्या दुकानातल्या कपावर जे असतं ते कुठल्या तरी एका जोन्सचं. तो कप पुरावा म्हणून धरलेला असेल तर कप चहासाठी ठेवा आणि नोंद पुसून टाका.

*काळ.* कुलचिन्हांची रीत युरोपात बाराव्या शतकाच्या मध्याला सुरू झाली. तिदिर त्रेवोर दहाव्या शतकातला. त्याची, किंवा हवेल दा, ऱ्होद्री माउर या जुन्या राजांची ढाल ही पुढच्या कवींनी आणि हेरल्डांनी, म्हणजे कुलचिन्हांच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, बहाल केलेली आहे. कुळाची खूण म्हणून ती खुशाल ठेवा, पण त्या माणसाने ती कधी हातात धरली होती असं लिहू नका.

७. कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं

इथून पुढे वेळ जातो. तुमच्या झाडातल्या प्रत्येक दुव्याखाली तो कुठून आला ते लिहा. 'दुसऱ्या झाडावरून' हे उत्तर असेल तर तो दुवा अजून रिकामाच आहे. दहा झाडांत तेच असलं तरी ती एकमेकांवरून उतरवलेली असतात.

वेल्श वंशावळी मुळात हौसेखातर जपल्या गेल्या नाहीत. जमीन बापाच्या सगळ्या मुलांत वाटली जायची, आणि पुढे चुलत व चुलत-चुलत भावांनाही फेरवाटपाचा हक्क होता. पणजोबा कोण हे सांगता आलं नाही तर शेत जायचं. म्हणून तीन-चार पिढ्यांची माहिती पक्की असायची. हेन्री आठवा याच्या १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी हे वाटप गेलं, इंग्रजी पद्धत आली. वंशावळीचा जमिनीतला उपयोग संपला, मोठेपणातला वाढला. आश्रयदात्याला राजवंशाचा धागा हवा असे आणि कवी तो पुरवीत.

लेविस डन हा यातला सगळ्यांत कामाचा माणूस. १५८६ मध्ये त्याला वेल्ससाठी उपहेरल्ड नेमलं. तो घरोघर फिरला, आणि त्याच्या अनेक नोंदींखाली घरच्या कर्त्या माणसाची सही आहे. सही करणाऱ्याचा बाप, आजा, चुलते, त्यांच्या बायका इथवर डनवर विश्वास टाकायला हरकत नाही. त्याच्या वरचं त्याने जुन्या वह्यांवरून घेतलंय. डनचं लिखाण सॅम्युएल मेरिकने १८४६ मध्ये छापलं. लोक वापरतात ते हे छापील, म्हणून छपाई आणि हस्तलिखित यांतला फरकही लक्षात ठेवावा लागतो.

१५०० च्या आधीसाठी पीटर बार्ट्रमचे तक्ते बघा. हवामानखात्यातला हा माणूस. हस्तलिखितं पिढ्यान्‌पिढ्या लावून त्याने शेकडो तक्ते केले, आणि अबेरिस्टविथ विद्यापीठाने ते ऑनलाइन ठेवले आहेत. तुमचा संशयित दुवा तिथे कसा दिलाय आणि कुठल्या हस्तलिखितावरून, ते पाहिलं की बऱ्याच भांडणांचा निकाल लागतो. चौदाव्या शतकासाठी डेनबीची १३३४ ची आणि कार्नार्वनची १३५२ ची जमीन-पाहणी आहे. ती कवींनी नव्हे, महसूल गोळा करणाऱ्यांनी लिहिली. त्यांना कुणाची खुशामत करायची नव्हती.

आणि अगदी वरच्या टोकाला, ११०० च्या सुमारास लिहिलेल्या हार्ली ३८५९ या हस्तलिखितात दंतकथेतला राजा बेली माउर याची आई म्हणून आना येते आणि ती कुमारी मेरीची चुलत बहीण असल्याचं म्हटलं आहे. तुमचं झाड तिथवर पोचलं असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तो भाग वेगळ्या पानावर काढा आणि वर 'परंपरा' लिहा.

८. मृत्युपत्रं, दाखले आणि मग डीएनए

अबेरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने १८५८ पूर्वीची एक लाख नव्वद हजारांहून जास्त वेल्श मृत्युपत्रं स्कॅन करून फुकट खुली केली आहेत. पैसे खर्च करण्याआधी तिथे जा. मृत्युपत्रात मुलगे, जावई, वाडीचं नाव आणि कधी कधी 'माझा भाऊ, जो प्राइस म्हणवतो' अशा थाटाचा उल्लेख एकाच कागदावर मिळतो. आडनावं पक्की होण्याच्या काळाचा सांधा जोडायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, पण वेल्समध्ये इतक्या जुन्या फार थोड्या उरल्या. वही हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल मागा. सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. तिथल्या अधिकृत ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीसोबत आईचं माहेरचं आडनाव फुकट दिसतं. जोन्सांच्या गर्दीत हीच चाळणी. दाखल्याचे पैसे भरायचे ते ही चाळणी लावून झाल्यावर.

वाय-डीएनए चाचणी सगळ्यांत शेवटी, आणि प्रश्न ठरवूनच. ती फक्त बाप-मुलगा रेषेचं सांगते. वेल्समध्ये आडनावं इतकी उशिरा आली की तुमच्याशी जुळणारे लोक पॉवेल, वॉन, मॉरिस असे काहीही असतील. त्याने घाबरू नका आणि आडनाव जुळलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. उपयोग होतो तो नेमके दोन पुरुष एका पूर्वजाचे आहेत का हे विचारलं तर.

कुठे थांबायचं

घराणं जमीनदार नसेल आणि नोंदवही सुरू होण्याआधीचा दुवा तुटला असेल, तर तो कुणालाच जोडता येणार नाही. पैसे घेऊन जोडून देणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

व्यावसायिकाकडे जायचं ते या वेळी: एकाच पॅरिशमधले दोन उमेदवार सगळ्या कसोट्यांना उतरतात आणि वाडीचं नाव मिळत नाही, पुढचा पुरावा सोळाव्या शतकातल्या वळणाच्या वेल्श किंवा लॅटिन हस्ताक्षरात आहे, किंवा उत्तर १५४३ ते १८३० पर्यंत चाललेल्या ग्रेट सेशन्स कोर्टाच्या दप्तरांत असावं असं वाटतं. ती दप्तरं अबेरिस्टविथलाच आहेत, पण सवय नसलेल्याचा आठवडा तिथे सहज वाया जातो. फळी किंवा काच साफ करायची असेल तर जतन-तज्ज्ञ, दुसरं कुणी नाही.

कुलचिन्ह लेटरहेडवर, अंगठीवर, दारावर वापरायचं असेल तर प्रश्न कुलचिन्हांचा अधिकृत कारभार पाहणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचा. वेल्स त्यांच्या अखत्यारीत येतं. नोंद असलेल्या धारकापासून तुमच्यापर्यंतची पुरुष रेषा कागदांनी दाखवावी लागते आणि शुल्क पडतं. वर सांगितलेल्या तपासण्या न करता तिथे गेलात तर याच गोष्टी ते पैसे घेऊन करतील.

संशोधकाला सगळं झाड पाठवू नका. अडलेला एक दुवा, त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन-दोन पिढ्या, प्रत्येक नावापुढे स्रोत, वाड्यांची नावं आणि ढालीचे फोटो, एवढंच पाठवा. किती तास लागतील ते आधी ठरवून घ्या. आणि काय सापडलं त्याबरोबर कुठल्या वह्या पाहिल्या आणि त्यांत काही सापडलं नाही, ही यादीही लेखी मागा. नाहीतर दोन वर्षांनी घरातलं दुसरं कुणीतरी त्याच वह्यांसाठी पुन्हा पैसे मोजतं.